नवं यंत्र शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी या चुका टाळा

"सर, आम्ही टीआरएल ८ ला आहोत," असं सांगत शेतीचं नवं यंत्र घेऊन पोरं येतात. असाल बाबा. टीआरएल म्हणजे टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल, तंत्रज्ञान किती तयार झालंय ते मोजणारी नासाची शिडी. १९७० च्या दशकात ७ पायऱ्यांची होती, पुढे ९ झाल्या. यंत्र चालतं का, एवढंच ती बघते. माणसाला ते चालवता येतं का, यासाठी ९ पायऱ्यांची वेगळी शिडी आहे, ह्युमन रेडिनेस लेव्हल. २०२१ पासून तिचं अमेरिकी मानकही आहे. दोन्ही आकडे सांगा, मग बोलू.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे भलत्याच माणसावर चाचणी. जालन्याकडे एका मोसंबीच्या बागेत ओलाव्याचा सेन्सर बसवला. मालकाच्या इंजिनिअर पोरानं तो झकास चालवून दाखवला. अहवालात 'वापरण्यास सोपे'. पोरगा गेला पुण्याला. मोटर चालू करणार सालगडी, रात्री लाईट आली की, हातात बॅटरी घेऊन. त्याच्याकडे बटणांचा फोन. 'पाणी बंद करा' हा मेसेज वाजायचा पुण्यात, झोपलेल्या पोराच्या उशाशी. सेन्सरच्या डब्यावर लाल दिवाही होता. "मामा, हा कशाचा?" सालगड्याला विचारलं, तर म्हणाले, "लाईट आली म्हणून लागत असंल की." मोटरच्या स्टार्टरवर दिवा असतो तो लाईट आल्याचाच. म्हणजे पाणी पुरे झाल्याची खूण बघून मामा निवांत मोटर चालू ठेवत होते.

मी आधी विचारतो, मोटर कोण चालू करतं? वस्तू त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो. हे तरुणांना जमतच नाही. माणूस जरा अडखळला की "काका, इथं दाबा". झाली चाचणी! आणि "कसं वाटलं?" विचारू नका. घरी आलेल्याला तोंडावर वाईट कोण म्हणणार? करायला सांगा, बघा.

"माणसाचं शेवटी बघू" हा दुसरा आळस. माणसाच्या शिडीच्या पहिल्या ३ पायऱ्या संशोधनातच येतात. दिव्याचा रंग कागदावर फुकट बदलतो. साचा तयार झाल्यावर "पुढच्या व्हर्जनला बघू" ऐकावं लागतं.

डेमो हिवाळ्यात उरकू नका. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी होते, आकडा चुकतो. दुपारच्या उन्हात स्क्रीनही दिसत नाही.

मेनू मराठीत केला म्हणून सोपा होत नाही.

आणि "ट्रेनिंग देऊ" म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: सालगडी पाडव्याला बदलतो, नव्याला कोण देणार?