स्कूटरचं इंजिन ऑइल बाहेर फेकतंय? सीलआधी दाब तपासा

इंजिनाखाली ऑइलचा डाग दिसला की बहुतेक जण सरळ ऑइल अडवणारं सील किंवा गॅस्केट बदलायला निघतात. नवं सील बसतं, थोडे दिवस बरे जातात आणि ऑइल पुन्हा बाहेर येतं. सील निकृष्ट निघालं असा समज होतो, पण इंजिनाच्या पोटात साठलेला दाब ऑइलला बाहेर ढकलत असेल तर कितीही चांगलं सील टिकणार नाही. म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी ऑइलची पातळी, मग ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारा पाइप), मग ऑइल नेमकं कुठून येतंय ते, आणि इंजिन उघडणं अगदी शेवटी. पहिल्या दोन गोष्टींना जवळपास काहीच खर्च नाही, आणि त्याच सर्वांत जास्त वेळा राहून जातात.

हा दाब येतो कुठून? पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. १२५ सीसीच्या इंजिनात प्रत्येक खेपेला साधारण १२५ घन सेंटिमीटर हवा हलते, आणि ६,००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा घडतं. शिवाय जळलेला थोडा वायू पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून खाली झिरपतोच, अगदी नव्या इंजिनातसुद्धा. या सगळ्याला बाहेर पडायला वाट म्हणून ब्रीदर पाइप असतो. तो एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेला असतो, म्हणजे तो वायू पुन्हा इंजिनात जाऊन जळतो. खाली झिरपणारा वायू वाढला किंवा वाट तुंबली, की ऑइल मिळेल त्या फटीतून निघतं.

पायरी १: ऑइलची पातळी नीट मोजा

स्कूटर सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्या. डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, परत घाला आणि बघा. डिपस्टिक आटे फिरवून पूर्ण बसवायची की नुसती टेकवायची, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. बऱ्याच स्कूटरमध्ये ती फक्त टेकवून बघायची असते. जिथे आटे बसवून बघायला हवं तिथे नुसती टेकवली, तर पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते, माणूस वरून ऑइल ओततो आणि इंजिन जास्त भरतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ही पद्धत लिहिलेली असते, तेवढं पान जरूर वाचा.

इंजिन जास्त भरण्याचं दुसरं कारण बाटलीचं. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक स्कूटरमध्ये ऑइल बदलताना साधारण ७०० ते ८०० मिलीच लागतं, आणि बाटली बऱ्याचदा मिळते एक लिटरची. उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून सगळं ओतलं जातं. पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात, एक नुसतं ऑइल बदलण्याचा आणि एक इंजिन पूर्ण उघडल्यानंतरचा. नेहमीच्या सर्व्हिसिंगला पहिला, म्हणजे लहान आकडा धरा. ऑइल जास्त झालं की आतले फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातो. जास्तीचं ऑइल ड्रेन बोल्टमधून काढा किंवा डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी आणि सिरिंजने ओढून घ्या, मग काही दिवस गाडी चालवून बघा. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

काही न ओतता पातळी वाढलेली दिसली तर मात्र गंभीर समजा. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर पेट्रोल इंजिनाच्या पोटात उतरतंय. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल, किंवा व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पेट्रोल कॉकचा पडदा फाटला असेल, तर पेट्रोल सिलिंडरमध्ये येतं आणि रिंगांच्या बाजूने खाली जातं. इंजेक्शनच्या गाडीत गळणारा इंजेक्टर हेच करतो. अशा ऑइलवर इंजिन चालवू नका, बेअरिंगला वंगणच मिळत नाही. आधी पेट्रोलची गळती बंद करा, मग नवं ऑइल भरा.

ऑइल दुधाळ, साईसारखं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. थंड हवेत रोज अगदी थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत वाफेचं पाणी साठून डिपस्टिकच्या टोपणाला असा थर येऊ शकतो. गाडी लांब चालवल्यावर तो जातो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तो जात नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा वॉटर पंपाच्या सीलकडे बघावं लागेल.

पायरी २: ब्रीदर

ही या सगळ्या तपासाची किल्ली आहे, म्हणून इथे घाई करू नका.

हेड कव्हरपासून किंवा इंजिनाच्या पोटापासून निघणारा रबरी पाइप शोधा आणि एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत बोटाने चाचपत जा. तो कुठे दुमडलाय का, चेपलाय का, आत चिकट गाळ बसलाय का, हे बघा. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर पाइप चुकीच्या वाटेने बसवला जाऊन पिळला गेला असण्याची शक्यता बरीच असते. काही इंजिनांत ब्रीदरच्या वाटेत एकाच दिशेने उघडणारी पातळ झडप असते. ती चिकटली तरी दाब साठतो.

एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला बुच लावलेली एक छोटी नळी असते. तिच्यात साठलेलं पाणी आणि ऑइल काढून टाकायचं असतं. ती काठोकाठ ऑइलने भरलेली असेल, तर ऑइल ब्रीदरमधूनच येतंय हे नक्की. गाडी नुकतीच आडवी पडली असेल तरी डब्यात ऑइल जातं आणि काही काळ धूर येतो. तेव्हा डबा पुसून फिल्टर साफ करा किंवा बदला. इंजिनाला दोष देऊ नका.

आता परीक्षा. ब्रीदर पाइप डब्याकडच्या टोकाला काढा आणि तोंड उघडं असलेल्या पारदर्शक बाटलीत सोडा. डब्याचं रिकामं झालेलं भोक चिकटपट्टीने झाका. उघड्या हवेत इंजिन चालू करा, बंद खोलीत कधीच नाही, कारण एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिन तापलं की बघा. हलके धक्के आणि किंचित वाफ हे निरोगी इंजिनाचं लक्षण आहे. सलग धूर जोराने येत असेल, थ्रॉटल दिल्यावर वाढत असेल आणि बाटलीत ऑइलचे थेंब जमत असतील, तर जळलेला वायू रिंगांमधून भरपूर खाली येतोय. अशा वेळी सील बदलून काही साधणार नाही.

ऑइल येतंय म्हणून ब्रीदरच बंद करून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. दाब मग क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) सील उडवूनच बाहेर येईल.

पायरी ३: उगम शोधा

पंख्याने थंड होणाऱ्या स्कूटरमध्ये हे काम अवघड असतं. पंखा ऑइलचा एक थेंबही सगळीकडे उडवतो आणि पूर्ण इंजिन माखलेलं दिसतं. म्हणून इंजिन थंड असताना डिग्रीझरने स्वच्छ धुवा आणि कोरडं करा. पेट्रोलने धुवू नका, त्याची वाफ ठिणगीने पेटते. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. ऑइल खाली आणि मागे वाहतं, त्यामुळे ओल्या भागाचं सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक हाच बहुधा उगम असतो. शंका असलेल्या जोडावर टाल्कम पावडर भुरभुरली की ओली रेघ ठळक उमटते. पंख्याच्या वाऱ्यात पावडर उडून जाते, तिथे टिश्यू कागद दाबून बघा.

हेड कव्हरचं रबरी गॅस्केट, टायमिंग चेनच्या टेन्शनरचा जोड, डिपस्टिकची ओ-रिंग, ऑइल गाळणाऱ्या खालच्या जाळीच्या टोपणाची ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर या नेहमीच्या जागा. वॉशर मऊ धातूचा असतो आणि एकदाच नीट दबतो, त्यामुळे दर वेळी नवा घाला. गळती थांबावी म्हणून बोल्ट आणखी आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

पंख्याच्या मागे ओल असेल तर मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या) बाजूचं क्रँक सील. बेल्टच्या कव्हरखाली ऑइल असेल तर कव्हर उघडून जागा बघा. पुढे व्हेरिएटरपाशी (बेल्टच्या पुढच्या पुलीपाशी) असेल तर क्रँकचं दुसऱ्या बाजूचं सील, मागे क्लचपाशी असेल तर गियरबॉक्सच्या शाफ्टचं. गियरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि बऱ्याच गियर ऑइलना गंधकासारखा उग्र वास येतो, त्यावरून ओळख पटते. ऑइल पिऊन फुगलेला बेल्ट पुसून वापरू नका, बदला.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर गाडी तिथेच थांबवा. ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर किंवा टायरवर जातं आणि ब्रेक लागत नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीवर बसू नये.

पायरी ४: धूर आणि प्लग

ऑइल बाहेर न दिसता कमी होत असेल तर ते जळतंय. सायलेन्सरच्या निळसर धुरावरून बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी चालू करताना एकदा भपका येऊन धूर थांबत असेल, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा देताना येत असेल, तर व्हॉल्व्हचं (सिलिंडरच्या झडपेचं) सील किंवा गाइड खराब. वेग वाढवताना, चढावर, ओझ्याखाली सलग येत असेल तर रिंगा. स्पार्क प्लग काढून बघा: ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त.

पायरी ५: कॉम्प्रेशन

ब्रीदरने रिंगांकडे बोट दाखवलं असेल तर खात्री कॉम्प्रेशन गेजने (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरने) करा. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा. काढलेला प्लग टोपणात बसवून त्याचा धातू इंजिनाला टेकवून ठेवा, मात्र प्लगच्या भोकापासून लांब. काटा स्थिर होईपर्यंत स्टार्टर फिरवा आणि आकडा पुस्तिकेशी ताडून बघा. चालू करणं सोपं व्हावं म्हणून काही इंजिनांत डीकॉम्प्रेशनची (हा दाब थोडा सोडून देण्याची) सोय असते आणि त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो, हे लक्षात घ्या.

कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल टाका, इंजिन दोन-चार वेळा फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर फट रिंगांत आहे, कारण ऑइलने ती तात्पुरती भरली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गॅरेजमध्ये लीक-डाउनची सोय असेल तर ती आणखी चांगली. पिस्टन वर ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरतात आणि कान देतात. ब्रीदरमधून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह.

पायरी ६: उघडलंच तर

गॅरेजमध्ये इंजिन उघडलं की समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. ऑइल रिंग खाचेत कार्बनने चिकटली आहे का. तसं असेल तर कधी कधी नुसत्या सफाईने काम होतं. बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) उभे ओरखडे आहेत का, नख अडकतं का. आणि रिंगेची फट: रिंग एकटी बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधली जागा फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) मोजतात. नव्या रिंगेत ती बहुधा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते. किती वाढली की रिंग बाद, ते पुस्तिकेत असतं.

बोअर लंबवर्तुळाकार झालं असेल तर नव्या रिंगा त्यात बसणार नाहीत. साध्या लोखंडी बोअरला मोठं करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतो, पण मुलामा दिलेल्या सिलिंडरला तसं करता येत नाही, तो बहुधा बदलावा लागतो. नव्या रिंगा बसवताना खुणेची बाजू वर ठेवली का आणि तिन्हींच्या फटी एका रेषेत येऊ दिल्या नाहीत ना, हे विचारा. एका रेषेत आल्या तर नव्या रिंगांतूनही वायू खाली जातो. गॅस्केटला सीलंट पातळच लावावा, कारण बाहेर ओघळलेला गोळा आत पडून ऑइलची वाट बुजवतो.

टू-स्ट्रोक असेल तर

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच असतं, तेव्हा सायलेन्सरच्या जोडातून टपकणारा काळा चिकट द्रव म्हणजे न जळलेलं ऑइल. ऑइल पंपाची सेटिंग आणि अडकलेला चोक बघा. पांढरट दाट धूर येत असेल आणि त्याच वेळी गियर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं सील फुटून गियर ऑइल इंजिनात ओढलं जातंय.

दुरुस्तीनंतर एअर फिल्टरच्या डब्याची खालची नळी पूर्ण रिकामी करा, किलोमीटर लिहून ठेवा आणि १०० किलोमीटरनंतर डिपस्टिक व ती नळी दोन्ही पुन्हा बघा. नळी कोरडी आणि पातळी तीच असेल तर काम झालं. नळीत पुन्हा ऑइल आलं तर पायरी २ मधली बाटलीची परीक्षा परत करा.