परदेशात घर घेताना : आधी हक्क तपासा, मग घर

परदेशात घर घेऊ इच्छिणाऱ्याने घरे पाहायला निघण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर तिथल्या वकिलाकडून लेखी मिळवावे: या देशाचा कायदा परकीय नागरिकाला नेमका कोणता हक्क देतो? थायलंडमध्ये परकीयाला सहसा जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कॉन्डोमिनियममधील सदनिका मात्र घेता येते, पण इमारतीतील सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परकीयांची मालकी चालते. म्हणून विसार देण्याआधी हा कोटा शिल्लक आहे का, ते इमारतीच्या व्यवस्थापनाकडून लिहून घ्यावे. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयाला राहते घर बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावे लागते. कॅनडाने २०२३ पासून शहरी भागांतील घरांची परकीयांना होणारी विक्री, काही अपवाद वगळता, थांबवली आहे. नियम असे बदलत असतात, त्यामुळे आधी खरेदी केलेल्या परिचिताच्या अनुभवावर विसंबून पैसे गुंतवू नयेत.

कायदा आड येतो तिथे स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेण्याची वाट हमखास सुचवली जाते. ही वाट धरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदावर ज्याचे नाव, त्याचीच मालकी. तो फिरला किंवा त्याचे निधन झाले, तर न्यायालयात दाद मागताना आपणच कायदा डावलल्याचे कबूल करावे लागते.

वकील आपण निवडलेला असावा. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. स्पेनमध्ये नोंदणी कार्यालयाच्या 'नोटा सिंप्ले' या उताऱ्यावर मालकाचे नाव, मालमत्तेचे वर्णन आणि तिच्यावरील गहाण किंवा जप्ती दिसते. हा उतारा सौदा ठरवताना एकदा आणि सही करण्याच्या अगदी तोंडावर पुन्हा काढावा, कारण मधल्या काळात नवा बोजा चढलेला असू शकतो. विक्रेता स्पेनचा करनिवासी, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी मानला जाणारा, नसेल, तर किमतीच्या ३ टक्के रक्कम कापून करखात्यात भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते.

पैसे बँकेतूनच, स्वतःच्या नावाने पाठवावेत आणि पावत्या कायम जपाव्यात. थायलंडमध्ये सदनिका नावावर करताना रक्कम परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला सहसा मागितला जातो आणि पुढे घर विकून पैसे परत नेतानाही तोच उपयोगी पडतो. किमतीखेरीज मुद्रांक, नोंदणी, वकील आणि दुभाषी यांचा खर्च, तसेच दरवर्षीचा मालमत्ता कर, विमा आणि देखभाल धरूनच अंदाजपत्रक मांडावे. घर घेतले म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, असे समजू नये. पोर्तुगालने घरखरेदीच्या आधारे मिळणारा गुंतवणूक-परवाना २०२३ मध्ये बंद केला आणि स्पेनने २०२५ मध्ये.

वारसाचा प्रश्न खरेदीच्या वेळीच सोडवावा. काही देशांत मुलांचा वाटा कायद्यानेच राखलेला असतो आणि मृत्युपत्र तो डावलू शकत नाही. डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता युरोपीय संघातील देशांत ऑगस्ट २०१५ पासून माणसाला आपल्या वारसासाठी स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. मात्र ही निवड मृत्युपत्रात स्पष्ट नोंदवावी लागते आणि तिथल्या वारसा करातून त्यामुळे सुटका होत नाही.