दमदार गाडीला आफ्टरमार्केट क्लच बसवताय? या चुका टाळा

रिमॅप झाला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललं), टर्बोचा जोर वाढला आणि थोड्याच दिवसांत चौथ्या-पाचव्या गिअरला आरपीएमचा काटा वर पळायला लागला, गाडी मात्र आहे तिथंच. म्हणजे क्लच घसरतोय, इंजिनचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पुरता पोचत नाहीये. मग नव्या क्लचची शोधाशोध सुरू होते, आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: "सगळ्यात कडक कुठला?" रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी याच्या बरोबर उलटं सांगेन. गाडीचा टॉर्क (इंजिनची फिरवण्याची ताकद) थोडा हात राखून पेलेल, अशा क्लचांमधला सगळ्यात मवाळ असेल तो घ्या.

आपल्याकडे अशा गाड्यांची कमी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून बाहेर पडलेल्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएस आणि लॉरा व्हीआरएस अजूनही लोकांनी जिवापाड जपल्यात. त्यांच्या जोडीला व्हर्टस आणि स्लाव्हियाची १.५ टीएसआय, व्हर्ना टर्बो अशा गाड्या आल्यात. पुढचं सगळं मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाड्यांबद्दल आहे. डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) गणित वेगळं असतं.

बीएचपी सांगून क्लच मागणं

दुकानदार विचारतो, "पॉवर किती?" आणि आपण अभिमानानं बीएचपी सांगतो. क्लचला बीएचपीशी देणंघेणं नसतं, त्याला पेलायचा असतो टॉर्क. १.५ टीएसआय इंजिन कंपनीतून १५० पीएस पॉवर आणि २५० एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क घेऊन येतं, आणि हे २५० एनएम १६०० आरपीएमपासून ३५०० पर्यंत सलग मिळतात. म्हणून अशा गाडीचा क्लच घसरायला लागतो तो रेडलाइनजवळ (आरपीएमच्या कमाल मर्यादेजवळ) नाही, तर दोन-अडीच हजारांवर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की.

रिमॅपनंतर हा टॉर्क ३२० एनएम झाला असं धरा. मग क्लच ३८० ते ४०० एनएमच्या आसपासचा बघा. तेवढा हात राखला की उन्हाळ्यातला घाट, भरलेली गाडी, झिजत आलेली प्लेट, सगळं निभावतं. ६०० चा घेऊन काही जास्तीचं मिळत नाही, त्रास तेवढा रोजचा होतो.

आकडा वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. परदेशी किटवर टॉर्क बऱ्याचदा पाउंड-फूटमध्ये लिहिलेला असतो, आणि एक पाउंड-फूट म्हणजे १.३५६ एनएम. खोक्यावरचा ३०० हा आकडा प्रत्यक्षात ४०७ एनएम असू शकतो. दुसरी फसगत डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर. तिथला आकडा चाकांवर मोजलेला असेल तर इंजिनचा खरा टॉर्क त्याहून जास्त असतो, कारण गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये काही भाग खर्ची पडतो. क्लच बसतो इंजिनाच्या लगेच मागे, म्हणून त्याला इंजिनचाच आकडा लागू.

कडक तेवढा भारी, हा समज

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून हे नीट समजून घ्या. क्लचची प्लेट इंजिनाला जोडलेल्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेटनं दाबून धरलेली असते, आणि त्या प्लेटवर घासणारं अस्तर असतं. क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराची पकड, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. व्यास गाडीच्या बेलहाउसिंगनं (क्लच ज्यात बसतो त्या कवचानं) ठरवून दिलेला असतो. पृष्ठभाग वाढवायचे तर दोन प्लेटांचा क्लच घ्यावा लागतो. त्यात कमी दाबात जास्त टॉर्क पेलला जातो, पण खर्च मोठा. उरतात दोनच वाटा: दाब वाढवा, नाहीतर अस्तर बदला.

दाब वाढवला की पेडल जड होतं. जालना रोडनं संध्याकाळी क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत गाडी काढली की डाव्या पायाला त्याचा अर्थ कळतो. आणि भार फक्त पायावर येत नाही. तुम्ही पेडल दाबता तेव्हा तो दाब रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, तिकडे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची (पेडलचा दाब ऑईलमधून क्लचपर्यंत नेणाऱ्या सिलिंडरांची) सीलं जास्त प्रेशर सोसतात. म्हणून जादा दाबाची प्रेशर प्लेट असेल तर सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल दाबून उभं राहू नका. न्यूट्रल करा.

आता अस्तर. ऑरगॅनिक अस्तर कंपनीच्या क्लचसारखंच हळुवार धरतं आणि हाफ क्लच सहन करतं, मात्र फार तापलं की पकड सोडतं. केव्हलरही (मजबूत कृत्रिम तंतूचं अस्तर) मऊ चालतं आणि टिकतं, पण त्याला बसायला वेळ लागतो, आणि एकदा तापवून काचेसारखं गुळगुळीत केलं की पुन्हा ताळ्यावर येणं अवघड. सिरॅमिक बटणांची प्लेट उष्णतेला दाद देत नाही, पण ती धरते ती एकदम. तिला अधलं-मधलं काही कळत नाही.

बटणांची प्लेट आपल्या भागात नवी नाही. ट्रॅक्टरला सिरॅमेटॅलिक प्लेट सर्रास असते आणि तिथं ती शोभते, कारण शेतातलं काम लांब, जड आणि गरम. तीच जात कारमध्ये घातली की काय होतं ते रविवारी वेरूळच्या रस्त्यावर बघा. दौलताबादच्या अरुंद दरवाजापाशी गाड्यांची रांग लागलेली, पुढं खुलताबादचा चढ, समोरचा एक गाडीभर सरकतो आणि थांबतो. ऑरगॅनिक क्लचवर तुम्ही चिमूटभर पेडल सोडून गाडी सरकवता. बटणांच्या प्लेटवर एक तर गाडी बंद पडते, नाहीतर बोनेट थरथरून गाडी उडी मारते. मग माणूस रेस वाढवून हाफ क्लचवर खेळवायला लागतो, आणि ज्या फ्लायव्हीलला कधी काही झालं नसतं त्याच्यावर निळे डाग उमटतात. शिवाय एकदम धरणाऱ्या क्लचचा झटका गिअरचे दाते, डिफरन्शियल आणि सीव्ही जॉइंट (चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे) खातात. क्लचपेक्षा गिअरबॉक्स कितीतरी महाग.

म्हणून तीनशे-साडेतीनशे एनएमच्या रस्त्यावरच्या गाडीला माझी पसंती ठरलेली आहे: थोडी जादा दाबाची प्रेशर प्लेट आणि स्प्रिंग असलेली पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट. मधल्या हबला स्प्रिंग नसलेली प्लेट रेसिंगसाठी असते, रोजच्या गाडीत घेऊच नका.

"स्टेज वन, स्टेज टू" या नावांवरही जाऊ नका. त्याचं सर्वमान्य असं काही माप नाही. क्लच बनवणाऱ्या एक्सेडी कंपनीच्या स्पोर्ट किटमध्ये स्टेज वन म्हणजे ऑरगॅनिक आणि स्टेज टू म्हणजे सिरॅमेटॅलिक. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या स्टेज टूमध्ये केव्हलर आणि ऑरगॅनिकची जोडी निघते. अस्तर कुठलं, हबला स्प्रिंग आहे का, किती एनएम: हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

फ्लायव्हील तसंच ठेवणं

"वरनं चांगलं दिसतंय, राहू द्या" हे वाक्य ऐकलं की थांबा. जुन्या प्लेटनं घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर नवं अस्तर नीट बसत नाही. साधं एकसंध फ्लायव्हील असेल तर ते ग्राइंडिंग करून घ्या. निळे-काळे डाग म्हणजे तिथलं लोखंड तापून कडक झालेलं असतं. लेथचं टूल अशा डागावरून उडी मारतं आणि बारीक उंचवटा राहून जातो, ग्राइंडिंगमध्ये तसं होत नाही. नखाला लागतील अशा भेगा असतील तर फ्लायव्हील बदलाच. पायरीचं फ्लायव्हील (आतला पृष्ठभाग आणि कड वेगवेगळ्या उंचीवर असलेलं) असेल तर जेवढं आतून काढलं तेवढंच प्रेशर प्लेट बसते त्या कडेवरूनही काढायला हवं, नाहीतर दाबाचं सगळं गणित बिघडतं.

ड्युअल मास फ्लायव्हीलची गोष्ट वेगळी. आत स्प्रिंगा असलेले दोन भाग असतात, त्याला लेथवर चढवायचं नसतं. हातानं फिरवून त्यातला खेळ आणि हलणं कंपनीनं दिलेल्या मर्यादेत आहे का ते बघायचं, नसेल तर नवं घ्यायचं. ते महाग म्हणून काही जण एकसंध फ्लायव्हीलचं किट घालतात. चालतं, पण मग इंजिनची थरथर गिअरबॉक्सपर्यंत पोचते आणि न्यूट्रलला खडखड ऐकू येते. ती आयुष्यभर ऐकायची तयारी असेल तरच हा रस्ता, आणि त्यात प्लेट स्प्रिंगचीच हवी.

हलकं फ्लायव्हील घालायचा मोहही अनेकांना होतो. रेस पटकन चढते, पण तेवढीच पटकन उतरते. मे महिन्यात एसी चालू ठेवून चढावर गाडी उचलायची तर जास्त हाफ क्लच लागतो. काही गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिसफायरचा कोड दाखवायला लागतो.

गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर घाई करणं

मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवायची असते. तो खाली असताना रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑईल सील आणि इनपुट शाफ्टचं सील बघून घ्या. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या आत, बेअरिंगसोबतच असतो, तिथं तो नवाच टाका. जुना ठेवला आणि पुढच्या महिन्यात गळला तर मजुरी पुन्हा तेवढीच.

आणि मिस्त्रींना जुनी प्लेट हातात द्यायला सांगा. पाच मिनिटं उजेडात धरून बघा. अस्तर दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलंय, तर प्लेटनं आपलं आयुष्य पूर्ण केलं. अस्तर जाड आहे पण काळं, चकचकीत आणि जळका वास येतोय, तर ती टॉर्क पेलत नव्हती किंवा हाफ क्लचवर भाजली गेली. हबच्या भोवती ओलसर डाग असतील तर तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय नवी प्लेट आत जाऊ देऊ नका. एकच बाजू जास्त झिजली असेल तर प्लेट स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) अडकत होती, किंवा फ्लायव्हील नाहीतर प्रेशर प्लेट वाकडी आहे. नवा क्लच कुठला घ्यायचा याचं निम्मं उत्तर या जुन्या प्लेटवर असतं, म्हणून ऑर्डर देण्याआधी ती बघता आली तर उत्तम.

बसवतानाही नजर ठेवा. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसला पाहिजे. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. स्प्लाइनला ग्रीस नावापुरतं, जास्त झालं की फिरताना उडून अस्तरावर बसतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे आणि शेवटी टॉर्क रेंच. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही, हब वाकतो.

माल खात्रीच्या वितरकाकडूनच घ्या, खोकं आणि पार्ट नंबर जुळवून. एक्सेडीचा कारखाना आपल्याच शहरात, चिकलठाणा एमआयडीसीत आहे, पण म्हणून बाजारात त्या नावानं मिळणारं प्रत्येक खोकं अस्सल मानू नका.

पहिल्याच दिवशी पाय दाबणं

नवं अस्तर आणि नवा पृष्ठभाग एकमेकांत बसायला शहरातले ५०० ते ८०० किलोमीटर द्या. किटच्या कागदावर जास्त लिहिलं असेल तर तेवढे. शहरातले, हे महत्त्वाचं. क्लच बसतो तो धरताना आणि सोडताना. समृद्धीवर चढून नागपूरला जाऊन आलात तर मीटरवर आकडा दिसेल, पण क्लच सगळा वेळ जुळलेलाच होता, तो बसला कुठं? या काळात पूर्ण टॉर्क मागू नका, जोरात लाँच (उभी गाडी एकदम पळवणं) तर नाहीच. सुरुवातीला थोडा वास येऊ शकतो, त्यानं घाबरू नका.

सगळा दोष प्लेटवर ढकलणं

घसरतोय का हे बघायला हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडायची जुनी पद्धत आहे. गाडी बंद पडली म्हणजे क्लच ठणठणीत, असं त्यावरून ठरत नाही. बऱ्यापैकी झिजलेला क्लचसुद्धा इंजिन बंद पाडू शकतो. खरी परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, पाचव्या गिअरला दोन हजार आरपीएमवरून पाय पूर्ण दाबून. काटा आणि वेग सोबत वाढले पाहिजेत. काटा पुढं पळाला तर सोडून द्या, पुन्हापुन्हा करून प्लेट भाजू नका.

गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते, तर क्लच घसरत नाहीये, तो पुरता सुटत नाहीये. पेडल दोन-तीनदा मारून बघा. त्यानं गिअर सहज पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर-स्लेव्हचं सील गेलंय. क्लचचं ऑईल म्हणजे ब्रेकचंच असतं, ते ओलावा शोषतं. बदलून, ब्लीडिंग करून (लाइनमधली हवा काढून) मग प्लेटवर संशय घ्या.

उचलताना थरथर होते तेव्हा आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं तपासा. फाटलेलं रबर हुबेहूब खराब क्लचसारखं वागतं, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. आवाजाचं म्हणाल तर पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली की रिलीज बेअरिंग, आणि पेडल सोडल्यावर न्यूट्रलला येत असेल, दाबल्यावर थांबत असेल, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा एकसंध फ्लायव्हीलची ती खडखड.