फ्युएल सेल चालू-बंद करताना इलेक्ट्रोड कसे सांभाळावेत

फ्युएल सेल हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करतो, आणि असे अनेक सेल एकत्र रचले की त्याला स्टॅक म्हणतात. हा स्टॅक नीट चालत असताना फारसा झिजत नाही, तो झिजतो चालू आणि बंद करताना. म्हणून सांगली-मिरज भागात बॅकअपसाठी स्टॅक लावणाऱ्याने सगळ्यात आधी एक गोष्ट करावी. वळवाच्या दिवसांत लाईट कितीदा जाते-येते याचा नेम नसतो, तेव्हा प्रत्येक वेळी स्टॅक उठवू नका. मध्ये लेड-ॲसिड किंवा लिथियमची बॅटरी ठेवा, पहिली १५-२० मिनिटं लोड तिच्यावर चालू द्या आणि तरीही लाईट आली नाही तरच स्टॅक चालू करा. बॅटरीचा दुसरा फायदा असा की इन्व्हर्टरचे कपॅसिटर चालू होताना जो झटका ओढतात, तो स्टॅकवर येत नाही.

पुढचे आकडे २४ सेलच्या, पंख्याच्या हवेवर चालणाऱ्या, साधारण ३०० वॅटच्या पीईएम (प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन असलेल्या) स्टॅकचे आहेत: १५ व्होल्ट, २० अँपियर. तुमचा स्टॅक वेगळा असेल तर हिशेब त्या प्रमाणात बदला. दाब आणि तापमान यांबाबत मात्र त्याच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम समजा.

आत काय जळतं

स्टॅक रात्रभर बंद राहिला की ॲनोडच्या (हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडच्या) वाहिन्यांत हवा शिरते. सकाळी हायड्रोजन सोडला की तो एका टोकाकडून हवेला ढकलत पुढे सरकतो. त्या वेळी सेलच्या अर्ध्या भागात एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे हवा असते, आणि उरलेल्या अर्ध्यात दोन्हीकडे हवाच. प्लेट मात्र दोन्ही भागांना एकच, म्हणजे व्होल्टेजही एकच. चार्ज बॅटरी उतरलेल्या बॅटरीला जोडली की तिच्यात करंट ढकलते, तसा हायड्रोजनवाला भाग दुसऱ्या भागात उलटा करंट ढकलतो. तिथल्या कॅथोडचं (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडचं) पोटेन्शियल १.४-१.५ व्होल्टपर्यंत चढतं. एवढ्या पोटेन्शियलला उत्प्रेरक प्लॅटिनम धरून ठेवणारा कार्बन पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. ही उलट्या करंटची भानगड २००५ साली संशोधक रायझर आणि सहकाऱ्यांनी मांडली. त्याआधी कॅथोड का पातळ होतो याची नीट उकल नव्हती.

बंद करताना ॲनोडमध्ये हवा शिरली की हेच उलट्या दिशेने घडतं. म्हणून उपाय दोनच: हा हायड्रोजन-हवेचा सांधा होऊच द्यायचा नाही, आणि झालाच तर अर्ध्या सेकंदात पार करायचा.

चालू करताना

सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, साखळीने बांधलेला असावा. हायड्रोजनचा सिलिंडर लाल असतो आणि त्याचे आटे उलटे, म्हणजे डावे; पान्याने जोर लावण्याआधी दिशा बघा. नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही आणि तो छताला जाऊन साठतो. त्यामुळे खिडकी उघडी असून भागत नाही, वर झरोका हवा. पर्जची (ॲनोडमधला गॅस बाहेर सोडणारी) नळीही बाहेर मोकळ्यावर काढा.

सिलिंडरवरचा दाबाचा रेग्युलेटर ०.४ ते ०.५ बारवर लावा. मग स्टॅकच्या दोन टोकांना १० ओहमचा, १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर रिलेमधून जोडा. पूर्ण व्होल्टेजला तो दोन-सव्वादोन अँपियर ओढतो आणि तेवढ्याने पोटेन्शियलला लगाम राहतो. मुख्य लोड अजून जोडायचा नाही, पंखाही बंद.

आता पर्ज व्हॉल्व उघडा ठेवून हायड्रोजनचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व) एकदम उघडा. हळूहळू गॅस सोडणं ही इथली सर्रास होणारी चूक. गॅस जपून वापरायची सवय इथे अंगाशी येते. हिशेब करून बघा: ॲनोडची एकूण पोकळी १०० मिलि असेल तर अर्ध्या सेकंदात ती बदलायला मिनिटाला १२ लिटरचा झोत लागतो. २० अँपियरला स्टॅक खातो मिनिटाला जेमतेम ३.४ लिटर (एका सेलला एका अँपियरला साधारण ७ मिलि). म्हणजे रोजच्या वापरावर नळी आणि व्हॉल्व निवडले तर सुरुवातीचा झोत तिप्पट-चौपट कमी पडतो. चार मिलिमीटरऐवजी सहाची नळी आणि मोठ्या भोकाचा व्हॉल्व घ्या. झोत मंद असताना रेझिस्टर जोडला तर दुखणं आणखी वाढतं, कारण ज्या सेलला गॅस पोहोचलेला नाही त्यातूनही करंट ओढला जातो आणि तो सेल उलटा होतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज उणे होतं.

एक-दोन सेकंदांनी पर्ज बंद करा, पंखा चालू करा, रेझिस्टर सोडा. मल्टिमीटरवर एकूण २२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे प्रत्येक सेल ०.९ च्या पुढे दिसायला हवा. प्लेटच्या कडेला पिना टेकवून सेल एकेक करून मोजा. एखादा ०.८ च्या खाली असेल तर तिथे मेम्ब्रेनला बारीक भोक आहे किंवा वाहिनीत पाणी अडलंय. मात्र हे मोजमाप रेंगाळत करू नका. बिनलोड व्होल्टेजवर स्टॅक ठेवला की प्लॅटिनम विरघळतो आणि मेम्ब्रेनही खराब होतं. मिनिटभराच्या आत दोन अँपियरचा लोड द्या.

मग दोन-दोन अँपियरने चढा. स्टॅक ४० अंशांवर जाईपर्यंत निम्म्याच्या वर जाऊ नका. कुठलाही सेल ०.४ व्होल्टच्या खाली आला तर लोड सोडा.

बंद करताना

सिलिंडर आधी बंद करून लोडने उरलेला गॅस संपवणं, ही दुसरी मोठी चूक. गॅस संपताना ॲनोडमध्ये निर्वात होतो, पर्जच्या नळीतून हवा आत चोखली जाते आणि सगळ्यात कमजोर सेल उलटा होतो. क्रम नेमका याच्या उलट हवा: आधी हवा तोडायची, हायड्रोजन शेवटी.

लोड दोन अँपियरवर आणा आणि पंखा दोन मिनिटं चालू ठेवा. पूर्ण लोडवर स्टॅक तासाला सुमारे १६० ग्रॅम पाणी तयार करतो, त्यातलं वाहिन्यांत साचलेलं निघून जायला हवं. दोनाची दहा मिनिटं केली तर मेम्ब्रेन कोरडं पडतं. मग मुख्य लोड सोडा, पंखा बंद करा, हवेच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट लावलेली झाकणं घट्ट बसवा आणि रेझिस्टर जोडा. हायड्रोजन चालूच.

आता मल्टिमीटरकडे बघत बसा. काटा आधी १८-१९ व्होल्टला रेंगाळतो, जणू काहीच होत नाही. झाकणाआड एक लिटर हवा असेल तर तिच्यात २१० मिलि ऑक्सिजन असतो. दोन अँपियरला २४ सेल मिनिटाला सुमारे १७० मिलि ऑक्सिजन खातात, म्हणजे दीड-दोन मिनिटं धरा. त्यानंतर व्होल्टेज एकदम कोसळून दोन-तीन व्होल्टवर येतं. इथे हायड्रोजनचा सोलेनॉइड बंद करा. पर्ज उघडू नका, रेझिस्टर तसाच जोडलेला राहू द्या. आता ॲनोडमध्ये हलक्या दाबाने हायड्रोजन आहे आणि कॅथोडमध्ये बहुतेक नायट्रोजन. काही तासांत परत चालू केलात तर सांधाच तयार होत नाही.

व्होल्टेज कोसळलंच नाही आणि दहा-बारावर अडून राहिलं, तर झाकणातून हवा येतेय. गॅस्केट तपासा. झाकण काढताना खोली हवेशीर असू द्या, थोडा हायड्रोजन मेम्ब्रेनमधून तिकडे गेलेला असतो.

याचा एक फुकटचा फायदा आहे. चालताना प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर चढत जातो आणि व्होल्टेज थोडं थोडं उतरतं. कॅथोडचं पोटेन्शियल असं खाली आलं की तो थर निघतो आणि दुसऱ्या दिवशी काही मिलिव्होल्ट परत मिळतात.

इलेक्ट्रोड कुठे कमी पडतोय

आठवड्यातून एकदा, गरम स्टॅकवर ५, १०, १५ आणि २० अँपियरला तीन-तीन मिनिटं थांबून प्रत्येक सेलचं व्होल्टेज वहीत लिहा. खोलीचं तापमान आणि आर्द्रता शेजारी लिहिली नाही तर त्या नोंदीचा उपयोग नाही.

चारही ठिकाणी सारखंच उतरलं असेल तर प्लॅटिनम घटलंय किंवा विषबाधा झालीय (गंधकासारखं काही त्याला चिकटलंय). लोडबरोबर फरक सरळ रेषेत वाढत असेल तर मेम्ब्रेन कोरडं आहे किंवा प्लेटांचे नटबोल्ट सैल आहेत. आणि पाचला सगळं ठीक, वीसला धाडकन खाली, तर पाणी तुंबलंय.

या शेवटच्या प्रकारात फसगत होते. प्लॅटिनमचं क्षेत्र निम्मं झालं तरी सेलमागे २० मिलिव्होल्टच्या आसपासच जातात, ते पटकन लक्षातही येत नाही. पण कार्बन जळला की इलेक्ट्रोडची भोकं बुजतात आणि उरलेला कार्बन पाणी धरून ठेवतो. म्हणजे चालू-बंदचं नुकसान बाहेरून पाणी तुंबल्यासारखंच दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे: पंखा वाढवून, पर्ज जास्त वेळा देऊन अर्ध्या तासात सुधारलं तर ते पाणी होतं. नाही सुधारलं तर कार्बन गेला, तो परत येत नाही.

हवा, पाणी आणि गॅस

एप्रिलमध्ये सांगलीची दुपार चाळिशीला टेकते, हवा कोरडी ठाक. पंखा जोरात फिरला की स्टॅक थंड होतो खरा, पण मेम्ब्रेन वाळतं. तेव्हा लोड १५ अँपियरवर ठेवा. जुलैत साताऱ्याच्या डोंगराकडे उलट स्थिती, तिथे पर्ज वाढवा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब, आणि त्याबरोबर ऑक्सिजन, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी, म्हणून तिथे ३०० वॅटची अपेक्षा करू नका.

तासगाव-कवठेमहांकाळकडे मात्र वेगळीच काळजी घ्यावी लागते. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात. त्यातला सल्फर डायऑक्साइड कॅथोडच्या प्लॅटिनमला चिकटून बसतो, आणि चांगली हवा दिली तरी सगळा सुटत नाही. हंगामात शेडवरून वारा येतो त्या बाजूला स्टॅक ठेवू नका, हवेच्या तोंडावर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लावा. धूळ अडवणारा साधा फिल्टर वायू अडवत नाही. पोल्ट्रीजवळ अमोनियाची तीच अडचण, फक्त तो मेम्ब्रेनला बाधतो.

ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं उपकरण) असेल तर त्यात बोअरचं पाणी कधीच घालू नका. त्यातलं कॅल्शियम मेम्ब्रेनमधल्या प्रोटॉनच्या जागा अडवतं. डीआयोनाइज्ड पाणी वापरा, आणि ओल्या बाजूला पितळी फिटिंगऐवजी ३१६ स्टेनलेस किंवा टेफ्लॉन घ्या.

हायड्रोजनसाठी वाहनांच्या आयएसओ १४६८७ मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ पीपीएम (दहा लाखांत ०.२ भाग) आहे आणि गंधकाची त्याच्या पन्नासावा हिस्सा, ०.००४. इलेक्ट्रोलायझरच्या गॅसमध्ये हे दोन्ही नसतात. मळीच्या बायोगॅसपासून रिफॉर्मरने काढलेला हायड्रोजन कुणी स्वस्तात देत असेल, तर चाचणीचा कागद बघितल्याशिवाय नळी जोडू नका.