सेफ्टीत नवीन आहात? आधी फर्स्ट एडचं रजिस्टर मागा

"ॲडिस (औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा) झालंय सर, चाकण-रांजणगावला कुठे लागेल का?" असं विचारणारी मुलं नेहमी भेटतात. लागेल. १९४८ च्या कारखाने कायद्यात १,००० किंवा जास्त कामगार असतील, किंवा राज्य सरकारच्या मते काम धोक्याचं असेल, तर सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५०० वर आली आहे, आणि प्रक्रिया धोकादायक असेल तर २५० वर. म्हणजे जागा आहेत. मात्र राज्याची मान्यता असलेला औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा हवाच. आखातात जायचं म्हणून केलेलं नेबॉश, म्हणजे सेफ्टीचं ब्रिटिश सर्टिफिकेट, इथे त्याच्या जागी चालत नाही. शिवाय आधी कारखान्यात सुपरवायझर म्हणून काढलेली वर्षं मोजली जातात, त्यामुळे कॉलेजातून थेट उडी मारता येत नाही.

पात्रतेच्या नियमांत एक अट अशी आहे जिच्याकडे कोणी बघत नाही: बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. चाकणच्या शॉप फ्लोअरवर आज ती भाषा मराठीच असेल असं नाही. बिहारचा, ओडिशाचा पोरगा तुमच्याशी हिंदीत बोलतो, पण लागलं की आपल्या गाववाल्याला सांगतो, तुम्हाला नाही. त्या गाववाल्याशी तुमची ओळख असणं ही नोकरीची अर्धी तयारी आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण पहिल्या महिन्यात तुमच्या हातात एक्सेलच येणार. दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे सगळे ज्याला 'डिश' म्हणतात त्या कार्यालयाला, कळवावा लागतो. कंपनीच्या आत मात्र फ्रीक्वेन्सी रेट चालतो: कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापती गुणिले १० लाख, भागिले एकूण मनुष्यतास. ५०० माणसं, ८ तास, ३०० दिवस म्हणजे १२ लाख तास; ३ दुखापती झाल्या तर रेट २.५. तुमची पेरेंट कंपनी अमेरिकन असेल तर ती १० लाखांऐवजी २ लाख तासांनी गुणते. मग त्याच कारखान्याचा रेट ०.५ होतो. मीटिंगमध्ये कोणी "आमचा रेट तुमच्या पाचपट कमी" म्हणालं, तर आधी गुणक विचारा.

हा रेट पाडायचे मार्गही तुम्हाला लवकरच दिसतील. बोटाला टाके पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणतात, ऑफिसात खुर्चीवर बसवतात, पंचिंग होतं, दिवस बुडाला नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे तास भागाकारात धरतात, त्यांच्या दुखापती मात्र ठेकेदाराच्या वहीत राहतात. कागदावर सगळं बरोबर, आणि गेटवर "अपघातविरहित दिवस" हा बोर्ड वाढत जातो. त्या बोर्डावर बक्षीस ठेवणं मला तर सरळ धोकादायक वाटतं, कारण मग लागलेला हात लपवायला अख्खी लाइन मदत करते.

म्हणून मी नव्या माणसाला डिशचं रजिस्टर नंतर बघ सांगतो, आधी ओएचसीतलं, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यातलं, फर्स्ट एडचं. त्यात "डावा हात, कापले, ड्रेसिंग केले" एवढंच असतं, पण अशा ओळी मशीननुसार आणि शिफ्टनुसार लावल्या की काहीतरी हाती लागतं. पत्रा दाबून आकार देणाऱ्या एका प्रेस लाइनवर अशाच डाव्या अंगठ्याच्या नोंदी एका मशीनवर साचलेल्या दिसल्या. सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं: ग्लोव्हज घालत नाहीत. मशीनपाशी उभं राहून पाहिलं तर ग्लोव्हज होते. बिन, म्हणजे माल ठेवायची पेटी, भरलेला असताना पत्र्याचे ब्लँक (कापलेले तुकडे) वरून सहज उचलले जात. तळाशी शेवटचे राहिले की बिन खोल असल्यामुळे ऑपरेटर वाकून, अंगठा खाली खुपसून, एकेक ब्लँक उचकटत होता. बर्र, म्हणजे कापलेल्या कडेची धार, नेमका तिथे लागायचा, आणि जाड ग्लोव्हजमध्ये कड पकडता येत नाही म्हणून अंगठ्यापुरता ग्लोव्ह कापलेला होता. बिनखाली स्प्रिंगचा तळ बसवला, ब्लँक वर येत राहिले, नोंदी थांबल्या. मोठा अपघात होऊन गेल्यावर चौकशी करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि मॅनेजमेंटला स्वस्तच पटतं.

जी गोष्ट कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही ती म्हणजे आजार. कायद्यात कळवायच्या व्यावसायिक आजारांची यादी आहे: सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजामुळे येणारा बहिरेपणा. प्रेस आणि फोर्जिंगमध्ये तुमचा संबंध शेवटच्याशी. मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल, ९५ ला फक्त ४ तास, आणि प्रेस शॉपमध्ये ९५ सहज मिळतात. कानाचं नुकसान आधी ४,००० हर्ट्झपाशी होतं, ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे कानाच्या तपासणीच्या, आलेखात तिथे खड्डा दिसतो. माणसाला काहीच कळत नाही, त्याला बोलणं ऐकू येत असतं. घरी टीव्हीच्या आवाजावरून भांडण मात्र सुरू झालेलं असतं. इथे एक व्यवहारातली गोष्ट लक्षात ठेवा. वर्षातून एकदा तपासणीची व्हॅन येते आणि माणसांना चालू शिफ्टमधून उठवून थेट कान तपासायला बसवतात. आवाजातून आल्या आल्या कान तात्पुरते बधिर असतात, सगळ्यांचे आलेख वाईट येतात, मग डॉक्टर "रिपीट करा" लिहितो आणि ते रिपीट कधीच होत नाही. साप्ताहिक सुट्टीनंतर, शिफ्ट सुरू होण्याआधी तपासणी लावा. व्हॅनवाला कुरकुरेल. आणि मागच्या वर्षीचा आलेख शेजारी ठेवा, एकट्या आलेखातून फार काही वाचता येत नाही.

सेफ्टी ऑफिसरला त्याच्या कामाशी संबंध नसलेलं किंवा त्याला बाधक काम देता येत नाही, हे नियमांत आहे. तरी कँटीन, बस, सिक्युरिटी, झाडं लावणं, सगळं हळूहळू तुमच्या टेबलावर येईल. नियम दाखवून भांडू नका, पण शॉप फ्लोअरवरचे सकाळचे दोन तास कोणाला देऊ नका.

इंटरव्ह्यूत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतात. तेव्हा दोन गोष्टी विचारा: कॉन्ट्रॅक्ट कामगारांच्या दुखापती कोणाच्या रजिस्टरमध्ये लिहिता, आणि गेल्या महिन्यात फर्स्ट एडच्या नोंदी किती. चारशे माणसांच्या प्रेस शॉपमध्ये "शून्य" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे अर्ज करत राहा.