ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन सुरू करण्यापूर्वीची तयारी

झिंक प्लेटिंग केलेल्या नट-बोल्टांना हेक्साव्हॅलंट (षट्संयुजी) क्रोमियमचे पिवळे पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकला गंजापासून वाचवणारा पातळ रासायनिक थर, देणाऱ्या कारखान्याने ट्रायव्हॅलंटकडे (त्रिसंयुजी क्रोमियमकडे) वळायचे ठरवले, की रसायनाचे दर मागवण्याआधी ग्राहकाचे ड्रॉइंग समोर घ्यावे. युरोपीय संघाने वाहनांच्या गंजरोधक थरांतील हेक्साव्हॅलंट 1 जुलै 2007 पासून बंद केले (चॅसिसच्या नट-बोल्टांना आणखी एक वर्षाची मुदत होती), तरी ड्रॉइंगवर कधीकधी जुनी ‘यलो’ ही नोंद तशीच राहिलेली असते. ट्रायव्हॅलंटचा जाड थर हिरवट, इंद्रधनुषी दिसतो; म्हणून नमुने दाखवून रंगाची लेखी मान्यता घ्यावी आणि घर्षणात फरक पडत असल्याने बोल्टचा टॉर्कही (आवळण्याचा जोरही) त्याच वेळी तपासून घ्यावा.

सर्वांत जास्त वेळ टाकीसाठी राखून ठेवावा. जुन्या टाकीत नवे द्रावण भरण्याचा मोह होतो, पण प्लास्टिकच्या अस्तरात मुरलेले क्रोमेट (हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे क्षार) धुऊन जात नाही. आम्ही अशी एक टाकी तीनदा धुतली. रात्रभर साधे पाणी भरून ठेवले, तर सकाळी त्याला पिवळसर झाक आलेली होती. त्यामुळे टाकी, बॅरल (बोल्ट भरून द्रावणात फिरवायचे पिंप) आणि पॅसिव्हेशननंतरच्या धुण्याच्या टाक्या नव्याच घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. जाड थराच्या द्रावणाला साधारण 60 अंश सेल्सिअस तापमान लागते, तेव्हा हीटर आणि थर्मोस्टॅट आधीच बसवावेत. सामू (पीएच) पट्टीने न पाहता मीटरने मोजावा आणि बॅरलमधून निसटलेले बोल्ट रोज चुंबकाने काढावेत, कारण त्यांचे लोखंड द्रावणात उतरले की गंजरोध घटतो.

10.9 आणि 12.9 या उच्च ताकदीच्या दर्जांचे बोल्ट असतील, तर हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा टाळण्यासाठी प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, पण पॅसिव्हेशनच्या आधी ते भट्टीत घालता येतील, असा कामाचा क्रम बांधावा.

सांडपाण्याचे काम यापुढे हलके होते. हेक्साव्हॅलंटचे पाणी आधी आम्ल करून मेटाबायसल्फाइटने क्षपित करून त्यातले क्रोमियम ट्रायव्हॅलंट करावे लागे. ट्रायव्हॅलंट मात्र चुन्याने सामू वाढवताच गाळ होऊन खाली बसते. तरीही जुने द्रावण संपेपर्यंत दोन्ही पाणी वेगळेच ठेवावे आणि बदलाची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात करून घ्यावी.

पहिला लॉट पाठवण्यापूर्वी काही बोल्ट पाण्यात उकळून त्या पाण्याची डायफेनिलकार्बाझाइडने चाचणी घ्यावी. पाणी जांभळे झाले, तर हेक्साव्हॅलंट कुठून तरी शिरले आहे. अशा वेळी लॉट थांबवावा, मग ग्राहकाचे कितीही फोन आले तरी. याच लॉटचे नमुने 35 अंशांवर, 5 टक्के मिठाच्या फवाऱ्यात ठेवावेत आणि पांढरा (झिंकचा) गंज व तांबडा (लोखंडाचा) गंज प्रत्येकी किती तासांनी दिसला, ते वेगवेगळे लिहावे. चाचणीचे सर्व तास भरल्यावरच जुन्या द्रावणाची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लावावी.