संस्थेची निवडणूक घेताना या चुका टाळा

महाराष्ट्रातील कित्येक वाचनालये, शिक्षण संस्था आणि मंडळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली असतात. त्यांच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक मतदानाच्या दिवशी सहसा बिघडत नाही. ती आधीच बिघडलेली असते, आणि ते उघड होते धर्मादाय कार्यालयात बदल अर्जावर, म्हणजे नव्या मंडळाची नोंद करून घेण्यासाठी दिलेल्या अर्जावर, हरकत आल्यावर.

वादाचे मूळ बहुधा मतदार यादीत असते. १८६०च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मताचा अधिकार नसतो. तरीही ऐन सभेच्या दाराशी थकबाकी घेऊन, पावती फाडून हाती मतपत्रिका देण्याचा प्रकार सर्रास चालतो. वर्गणी भरण्याची अखेरची तारीख आधी जाहीर करावी, सभासद नोंदवही पावतीपुस्तकांशी ताडून कच्ची यादी फलकावर लावावी आणि हरकती निकाली काढूनच ती अंतिम करावी. निवडणुकीच्या तोंडावर एकगठ्ठा नोंदवलेले सभासद असतील, तर त्यांना प्रवेश देणारा ठराव इतिवृत्तात आहे का, हे यादी करतानाच पाहावे.

दुसरी चूक सभेच्या सूचनेची. संस्थांच्या जुन्या घटनांमध्ये, म्हणजे नियमावलींमध्ये, सूचना ‘यूपीसी’ने (पत्र टपालात टाकल्याचा दाखला देणाऱ्या सेवेने) पाठवावी असे लिहिलेले असते, टपाल खात्याने ती सेवा २०११ मध्येच बंद केली, पण घटनादुरुस्तीचे कोणी मनावर घेत नाही. अशा वेळी सूचना स्पीड पोस्टाने (नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले) पाठवावी किंवा हातोहात देऊन सही घ्यावी. घटनेत तरतूद नसताना केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबणे म्हणजे हरकतीला आमंत्रणच. गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान आवश्यक उपस्थिती नसल्याने, तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्याची मुभा घटनेत आहे का, हेही तपासावे. सगळेच करतात म्हणून ते वाक्य सूचनेत छापू नये.

निवडणूक निर्णय अधिकारी स्वतः उमेदवार नसावा, हे वेगळे सांगायला नको. निवड बिनविरोध झाली तरी सूचक व अनुमोदकांची नावे इतिवृत्तात यावीत.

मंडळाची मुदत संपली असेल आणि सभा कोणी बोलवायची यावरच तंटा असेल, तर दोन गटांनी दोन सभा घेऊन दोन बदल अर्ज दाखल करण्यापेक्षा १९५०च्या अधिनियमाच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागणे शहाणपणाचे. निवड झाल्यावर त्याच अधिनियमाच्या कलम २२ खालील बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. त्यासोबत सूचना, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्त आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे जोडावीत. मुदत टळली असल्यास विलंब माफीचा अर्ज कारणांसह सोबतच द्यावा.